बोरा बाजारातलं काकांचं दुकान: स्टिकर सोडून बाकी सगळं इथे छापा

ग्राफिक डिझाइन, अप्लाइड आर्ट, इलस्ट्रेशन असलं काहीही शिकत असाल आणि ज्युरीसमोर, म्हणजे काम तपासणाऱ्या परीक्षकांसमोर, लॅपटॉप फिरवण्यापेक्षा त्यांच्या हातात काहीतरी द्यायचं असेल तर हा रिव्ह्यू तुमच्यासाठी आहे. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, बिलबुकं छापायची असतील तर त्या भागात पावलापावलावर दुकानं आहेत, कुठेही शिरा, फार फरक पडत नाही.

दुकान फोर्टात, बोरा बाजारच्या आतल्या एका गल्लीत. सीएसएमटीला उतरलात की चालत जायचं, टॅक्सी करायची गरज नाही. पाटीवर नाव असं नाहीच, "कलर प्रिंट, लॅमिनेशन, स्पायरल, रबर स्टॅम्प" एवढंच, त्यामुळे आमच्या सिनियर्सपासून सगळे त्याला काकांचं दुकान म्हणतात आणि गल्लीत कोणालाही "ते ओरडणारे काका" म्हणून विचारलंत की लगेच बोट दाखवतात, खरंच. आत तीन माणसं उभी राहिली की चौथ्याने पायरीवर थांबायचं. पुढे काउंटर, काउंटरच्या काचेखाली कागदांचे नमुने सरकवलेले, बाजूला कॉम्प्युटर ज्यावर कोरल ड्रॉ हे डिझाइनचं सॉफ्टवेअर कायम उघडं, मागे डिजिटल प्रेस, आणि अगदी शेवटी भिंतीला टेकून ते जुनं कटिंग मशीन ज्याला काकांशिवाय कोणी हात लावत नाही. कॉम्प्युटरवर एक दादा असतो, तो दिवसभरात फार तर वीस शब्द बोलत असेल, त्यातले दहा "कर्व्ह केलंयस का" (म्हणजे टाइप केलेल्या अक्षरांचे आकार करून घेतलेस का) आणि "ब्लीड कुठाय" (म्हणजे कापायच्या रेघेबाहेर वाढवलेला रंग) याच्यातच जातात.

मी काय छापायला नेलं होतं ते आधी सांगते, नाहीतर पुढे रंगांचं जे पुराण येणारे ते कळायचं नाही. शेवटच्या वर्षाच्या सेल्फ प्रोजेक्टला मी मुंबईच्या रस्त्यांवरून गेलेल्या गाड्या घेतल्या होत्या. बेस्टची जुनी बिनएसी डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ ला शेवटची धावली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबर संपता संपता प्रीमियर पद्मिनी टॅक्सीही गेली, कारण टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आणि शेवटची पद्मिनी २००३ च्या ऑक्टोबरात रजिस्टर झालेली. म्हणजे दीडेक महिन्यात दोन्ही गायब. तेव्हा सगळ्यांनी स्टेटसला फोटो टाकले, हार घातलेली बस वगैरे, आणि मग विसरले. मला त्या गाड्यांच्या आतलं काढायचं होतं, डबलडेकरच्या जिन्याचा तो गुळगुळीत झालेला दांडा, वरच्या मजल्यावरची पुढची खिडकी, पद्मिनीच्या छताला लावलेलं फुलाफुलांचं कापड, मीटर फिरवायचा हात, असलं. त्यातून ए३ प्रिंटची एक मालिका झाली, २४ पानांचं झीन झालं, म्हणजे स्वतःच काढलेली छोटी पुस्तिका, स्टिकरची शीट आणि डिस्प्लेसाठी सनबोर्डवर (हलक्या, जाड बोर्डवर) चिकटवलेलं एक मोठं चित्र.

काढलं सगळं साध्या, स्क्रीन नसलेल्या पेन टॅबलेटवर. आयपॅड नाही माझ्याकडे आणि त्याचं मला फार वाईटही वाटत नाही, सुरुवातीला हात टेबलावर आणि डोळे स्क्रीनवर हे विचित्र वाटतं पण एकदा सवय झाली की मान दुखत नाही हा फायदाच आहे. खोक्यावर ते ८१९२ प्रेशर लेव्हल वगैरे लिहितात त्याकडे बघून टॅबलेट घेऊ नका, हाताला कळत नाही, त्यापेक्षा सुट्या निब (पेनाची टोकं) कुठे मिळतात ते बघा कारण खरखरीत टॅबलेटवर निब झिजते. सॉफ्टवेअर क्रिता, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, ब्रश भरपूर, आणि अक्षरांचं काम मात्र कॉलेजच्या मशीनवर इलस्ट्रेटरमध्ये. माझी मैत्रीण आयपॅडच्या प्रोक्रिएटवर काम करते, ते एकदाच पैसे भरून मिळतं हे चांगलंय, पण तिथे कॅनव्हास उघडतानाच आरजीबी (स्क्रीनचे रंग) की सीएमवायके (छपाईचे रंग) ठरवावं लागतं, आरजीबीत सुरू केलेलं चित्र नंतर तिथल्या तिथे सीएमवायके करता येत नाही. छापायचंय हे माहीत असेल तर हे आधी बघून ठेवा.

आता मुद्द्यावर येते. मी या दुकानाला एवढं का लिहितेय तर एकाच कारणासाठी: इथे छापलेला कागद तुमच्या हातात देण्याआधी तो कोणीतरी बघतं. वाचायला साधं वाटेल पण बाकी ठिकाणी पेन ड्राइव्ह घेतात, प्रिंट मारतात, गुंडाळतात, पैसे घेतात. रंग फाटलाय का, कडेला पांढरी रेघ आलीये का, कोणी बघत नाही, तुम्ही घरी जाऊन उघडता तेव्हा कळतं. काका पहिली शीट मशीनमधून निघाली की ट्यूबलाइटखाली बघत नाहीत, दुकानाच्या पायरीवर जातात, तिथे उजेडात तिरकी धरतात, मग सरळ, मग चष्मा कपाळावर सरकवून अगदी नाकाजवळ. आणि मग ओरडतात.

माझ्या मालिकेत एक पावसाळ्याचं चित्र आहे, डबलडेकर उभी आहे, मागे फेरीवाल्यांनी निळी ताडपत्री ताणलेली. आपल्याकडे जूनमध्ये अख्ख्या शहरावर पसरते ती निळी. तो निळा स्क्रीनवर असा झळाळता येतो की बस बाजूला राहते आणि आधी ताडपत्रीच दिसते, मला तेच हवं होतं. आणि तो निळा कागदावर येत नाही. येऊच शकत नाही, कारण स्क्रीन लाल हिरव्या निळ्या उजेडातून रंग बनवते आणि प्रेसकडे सायन, मजेंटा, पिवळा, काळा एवढे चारच टोनर, त्यांच्या आवाक्यात तो निळा बसतच नाही. नुसतं फिका पडला असता तर चाललं असतं, पण आपोआप कन्व्हर्ट झालं की निळ्यात मजेंटा भरमसाट येतो आणि निघताना जांभळा निघतो. हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं. काकांनी काय केलं, तर शीट बघून मला म्हणाले, "ताडपत्री आहे ना ही? मग वांग्याच्या रंगाची कशाला छापतेस?" आणि दादाला सांगून १३ बाय १९ च्या एका शीटच्या रिकाम्या कडेला त्याच निळ्याच्या पट्ट्या मारल्या. सायन पूर्ण १०० ठेवून मजेंटा ९० पासून पायरीपायरीने खाली आणत ४० पर्यंत. कागद तोच, मशीन तेच. पायरीवर नेऊन दाखवलं आणि म्हणाले निवड. ६० च्या आसपासचा निळा बरोबर ताडपत्रीचा होता, झळाळता नाही, पण पावसात भिजलेल्या ताडपत्रीचा. खरं सांगायचं तर स्क्रीनवरच्यापेक्षा जास्त पटला मला. त्या पट्टीचे वेगळे पैसे घेतले नाहीत कारण ती शीट दुसऱ्याच्या जॉबची, तिची ती कड नाहीतरी कापून टाकायचीच होती.

ती पट्टी मी कापून टॅबलेटच्या मागे चिकटवून ठेवलीये, आता कुठलाही निळा निवडताना आधी तिच्याकडे बघते.

बसचा लाल त्या मानाने सोपा, मजेंटा आणि पिवळा दोन्ही १०० केले की छान गच्च लाल येतो, छापायला म्हणजे वरदानच. टॅक्सीचा पिवळा मात्र नाजूक. त्यात सायनचा जरासा अंश राहिला तरी पिवळा हिरवट दिसायला लागतो, आजारी माणसासारखा, त्यामुळे सायन शून्यावर आहे का ते डोळ्यांनी नाही, आकड्यांनी बघायचं. आणि टॅक्सीचा काळा हा वेगळाच विषय. मोठ्या भागात नुसता के १०० (के म्हणजे काळा टोनर) दिला तर तो काळा उन्हात ठेवलेल्या छत्रीसारखा विटका दिसतो, खाली थोडा सायन मजेंटा पिवळा दिला की खोल काळा येतो. पण हाच भरलेला काळा लहान अक्षरांना दिलात तर चारही टोनर अगदी एकावर एक बसले नाहीत की अक्षराच्या कडेला रंगीत भूत दिसतं, म्हणून बारीक मजकूर नेहमी फक्त के. दादाने माझ्या फाइलमध्ये हे सगळं बरोबर आहे का ते स्वतःहून तपासलं, न सांगता. चारही रंग १०० करून काळा आणणारी पोरंपण येतात म्हणे, तेव्हा एवढा टोनर बसतो की शीट एकमेकींना चिकटतात आणि मग तो दिवसातला एकविसावा शब्द बोलतो.

ब्राइटनेसबद्दल काकांचं एक ठरलेलं वाक्य आहे, प्रत्येक नव्या पोराला ऐकवतात, "स्क्रीनमध्ये दिवा आहे, कागदात दिवा नाही." रात्री दोन वाजता अंधारात फुल ब्राइटनेसवर चित्र काढलं की छापून काळोखं येणारच, स्क्रीन अर्ध्यावर आणून एकदा बघितलं तरी बराच अंदाज येतो. आणि हो, चित्राचा साइज. ए३ ला इंचाला ३०० पिक्सेलने काढायचं म्हणजे ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल, जुन्या लॅपटॉपला लेयर वाढले की धाप लागते हे मान्य, पण इन्स्टासाठी एक्सपोर्ट केलेली १०८० रुंदीची फाइल घेऊन "ए३ मारा ना काका" म्हणणारे मी काउंटरवर बघितलेत. ती ए३ वर ताणली की इंचाला ९२ पिक्सेल उरतात. काका छापत नाहीत. परत पाठवतात. पैसे मिळत असताना गिऱ्हाइकाला परत पाठवणारं दुकान फोर्टात दुसरं दाखवा.

देवनागरीचं काम असेल तर मी म्हणेन इथेच या. माझ्या सगळ्या चित्रांत अक्षरं आहेत, बसच्या कपाळावरचे मराठी आकडे, थांब्यांची नावं, टॅक्सीच्या मागे लिहिलेलं काहीबाही. यातलं बरंच हाताने काढलेलं पण झीनमधला मजकूर टाइप केलेला, मुक्ता फॉन्टमध्ये. मुक्ता मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा, फुकट आणि परवान्याची कटकट नाही, वजनं भरपूर, छोट्या साइजला वाचता येतो. इलस्ट्रेटरमध्ये मराठी टाइप करताना आधी प्रेफरन्समध्ये जाऊन इंडिक ऑप्शन चालू करून वर्ल्ड रेडी कंपोझर लावावा लागतो, नाहीतर पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला आणि जोडाक्षरं सुटी सुटी, आणि मराठी न वाचणाऱ्या फॅकल्टीला ते दिसतही नाही. बऱ्याच जुन्या दुकानांत अजून श्रीलिपी या जुन्या टायपिंग सॉफ्टवेअरवर काम चालतं, तिथे युनिकोड मजकूर (मोबाइलवर टाइप होतो तसला) नेला की वांधे होतात, मग ते सगळं परत टाइप करणार, परत शुद्धलेखनाची वाट. म्हणून फॉन्ट कर्व्ह करून पीडीएफ न्यायची हे तर सगळ्यांना माहीतच असतं.

पण काकांनी जी गोष्ट पकडली ती माझ्या बॅचमध्ये कोणालाच कोणी सांगितलेली नव्हती. देवनागरी अक्षरं कर्व्ह केली की प्रत्येक अक्षर वेगळा आकार बनतं आणि शिरोरेषेवर ते आकार एकमेकांवर थोडे चढलेले असतात. नुसता रंग भरलेला असेल तर कळत नाही. पण अक्षरांना बाहेरून रेघ दिली असेल किंवा जरा पारदर्शक केलं असेल की प्रत्येक जोडावर उभी रेघ दिसायला लागते, सगळी शिरोरेषा तुकड्यातुकड्यांची. मुखपृष्ठाच्या पहिल्या शीटवर काकांनी नखाने त्या जोडांवर टकटक केलं आणि दादाला एवढंच म्हणाले, "वेल्ड कर." कोरलमध्ये वेल्ड, इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचं युनाइट, अर्ध्या मिनिटाचं काम. सगळं नाव एकसंध झालं आणि पिवळ्या अक्षरांची काळी बाह्यरेषा एका दमात फिरली. ज्यांनी कमल शेडगेंनी केलेली नाटकांची शीर्षकं नीट बघितलीत त्यांना माहितीये की शिरोरेषा म्हणजे काय ताकद असते, ती तुटलेली बघवत नाही.

तिथेच उभी असताना एका मुलाने अख्खं पोस्टर मंगल फॉन्टमध्ये करून आणलेलं. काकांनी काही बोलायच्या आत मीच सांगणार होते की बाबा रे, मंगल र. कृ. जोशींनी केलाय, कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर बारीक मजकूर वाचता यावा म्हणून केलाय, त्याला दोन फुटी पोस्टरवर कशाला ताणतोस. पण काका मधे पडले नाहीत, छापून दिलं. म्हणाले फाइल चुकीची असेल तर मी बोलेन, आवड चुकीची असेल तर त्याचे मास्तर बोलतील.

कागद. इथे मला एक तक्रार आहे आणि एक कौतुक. तक्रार अशी की पर्याय कमी. काचेखाली नमुने दिसतात भरपूर पण त्यातले अर्धे संपलेले असतात आणि हे विचारल्यावरच कळतं. आर्ट पेपर १३० आणि १७०, आर्ट कार्ड ३०० (आकडा कागदाच्या वजनाचा, मोठा तेवढा जाड), मॅपलिथो म्हणजे चकचकीत नसलेला साधा कागद, एक आयव्हरी बोर्ड, आणि दोन-तीन टेक्श्चरवाले, बास. जरा वेगळा, रद्दीतून बनवलेला, हाताचा कागद पाहिजे तर स्वतः आणून द्यायचा, ते मारून देतात पण आधी सांगतात की टोनर खाचांत बसला नाही तर माझी जबाबदारी नाही. कौतुक असं की आहे तो कागद ते नीट वापरतात. मला झीन चकचकीत नको होतं, जुन्या तिकिटासारखा हात लागायला हवा होता, म्हणून आतली पानं मॅपलिथोवर. चकचकीत कागदापेक्षा त्यावर रंग जरा दबतात, तो पद्मिनीच्या छताचा फुलाफुलांचा पॅटर्न मी दोन पानभर पसरवलाय, तो दबल्यावर उलट खरा दिसायला लागला, धूळ बसलेला. मुखपृष्ठ ३०० च्या कार्डवर.

जाड कार्ड घडी घातलं की घडीवरचा टोनर तडकतो, गडद रंगावर ते पांढरं पांढरं दिसतं, म्हणून आधी क्रीझिंग करायचं, म्हणजे घडीच्या जागी दाबून खाच पाडायची. हे सगळे करतात. पण कागदाला ग्रेन असतो, म्हणजे तंतूंची दिशा, घडी ग्रेनच्या दिशेने पडायला हवी, आड पडली तर क्रीझ करूनही तडकते, आणि यासाठी शीटवर पानं कशी लावायची ते आधी बदलावं लागतं. काकांनी कार्डाची एक पट्टी फाडली, सरळ फाटली, दुसऱ्या बाजूने फाडली, वेडीवाकडी फाटली, आणि दादाला म्हणाले फिरव. एवढंच. माझ्या मुखपृष्ठाची घडी आजही काळीच्या काळी आहे, कुठे पांढरी शीर नाही. नंतर सेंटर पिन, मग शेवटी कटिंग. ते बघण्यासारखं असतं. झीन मधोमध दुमडलं की आतली पानं बाहेरच्यांपेक्षा किंचित पुढे सरकतात, त्यामुळे पुढची कड शेवटी एकत्र कापावी लागते, म्हणून मजकूर कडेपासून आत ठेवायचा. काका गठ्ठा ठोकून ठोकून सरळ करतात, तळहाताने दाबतात, पातं अर्ध्यावर आणून थांबवतात, वाकून बघतात, आणि मग एकदम. दोन-तीन मिलिमीटरची रंगीत चिरफळी खाली पडते आणि कड आरशासारखी.

पानं चारच्या पटीत हवीत हे सांगायला नको, तरी सांगते, २२ पानांचं झीन घेऊन जाऊ नका, खूप ओरडा बसतो.

पावसाळ्यात जाणार असाल तर एक लक्षात ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेत कागद ओल धरतो, कडा वळतात, जाड कार्ड मशीनमध्ये अडकतं, आणि मग काका म्हणतात उद्या ये. खरंच उद्या या, जबरदस्ती करू नका, वळलेल्या कागदावर दोन्ही बाजूंचं प्रिंटिंग जुळत नाही.

स्टिकर. नका करू इथे. हे मी प्रेमाने सांगतेय. स्टिकर ते स्वतः करत नाहीत, व्हिनायलवर छापून हाफ कटसाठी (फक्त वरचा स्टिकर कापायचा, मागचा कागद नाही) बाहेर पाठवतात, आणि तिथून आलेली माझी शीट कापात सरकलेली होती, टॅक्सीच्या एका बाजूला पांढरी कड जाड आणि दुसऱ्या बाजूला बंपरच कापलेला. सांगितल्यावर परत करून दिली पण दुसऱ्या वेळीही बसच्या आकड्याजवळ तेच. वेळ गेला, ज्युरी तोंडावर, शेवटी लोअर परळला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये ज्यांच्याकडे स्वतःचा प्लॉटर, म्हणजे कापायचं मशीन, आहे अशांकडून करून घेतली, महाग पडली पण काप बरोबर. काकांनी कापायचे पैसे परत दिले, छपाईचे नाही, मला ते अर्धवट वाटलं आणि मी तसं सांगितलंही. त्यांनी हात हलवला. त्याचा अर्थ अजून मला कळलेला नाही.

आणखी काय खटकतं. वेळ सांगतात ती वेळ नसते, "तासाभरात" म्हणजे जेवून या, "संध्याकाळी" म्हणजे उद्या फोन करा. फोन उचलत नाहीत. लग्नाच्या सीझनमध्ये पत्रिकांच्या गठ्ठ्यांपुढे आपल्या चार शीटना कोण विचारतंय, आणि मार्च-एप्रिलमध्ये अख्ख्या दक्षिण मुंबईची सबमिशन तिथेच येऊन पडतात. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवली तर दाबली जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या. पेन ड्राइव्ह नेणार असाल तर त्यात एकुलती एक प्रत असलेलं काही ठेवू नका, दिवसभर शंभर जणांचे ड्राइव्ह त्या मशीनला लागतात, घरी आल्यावर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले मी बघितलेत. पीडीएफ न्या, सोबत जेपीजीही ठेवा, म्हणजे उघडल्यावर काहीतरी वेगळं दिसतंय का ते जागच्या जागी जुळवता येतं, कारण इलस्ट्रेटरची फाइल कोरलमध्ये उघडली की पारदर्शक थर आणि ग्रेडियंट कधीकधी मनाला येईल तसे वागतात.

सनबोर्ड चांगला चिकटवून देतात, बुडबुडे नाहीत. मॅट लॅमिनेशन करताना मात्र विचार करा, काळ्या-गडद चित्रावर मॅटवर बोटांचे ठसे आणि ओरखडे लगेच दिसतात, आणि रंग थोडा अजून खाली बसतो. मी मोठं चित्र बिनलॅमिनेशनचं ठेवलं आणि भांडुपपर्यंत लेडीज डब्यात उभ्याने नेलं, सहाच्या लोकलला नाही, दुपारीच निघाले, सहाला तो बोर्ड डब्यात शिरला नसता आणि शिरला असता तर दोन झाले असते.

पैशांचं म्हणाल तर कॉलेजच्या गेटबाहेरच्यापेक्षा थोडं जास्त, चकाचक स्टुडिओंपेक्षा बरंच कमी. एखाददुसरी शीट मारून देतात, कमीत कमी इतक्या घ्या अशी अट नाही, आपल्यासाठी हे सगळ्यात मोठं. पन्नास-शंभरच्या वर झीन काढायचं असेल तर ऑनलाइन ऑर्डर स्वस्त पडते, पण तिथे फाइल चढवली की थेट खोकंच घरी येतं, मधे पायरीवर नेऊन बघणारं कोणी नाही. आणि प्रिंट विकायला काढायची असतील, म्हणजे काळा घोडा फेस्टिव्हलच्या वेळी स्टॉल किंवा कोणी भिंतीवर लावायला मागितलं, तर टोनरचं प्रिंट देऊ नका, पिगमेंट इंकचं, अ‍ॅसिड नसलेल्या कागदावरचं घ्या, ते वर्षानुवर्षं टिकतं. हे मला काकांनीच सांगितलं, दुसऱ्या दुकानाचा पत्ता लिहून देऊन, तोही माझ्याच चुरगळलेल्या टेस्ट प्रिंटच्या मागे.

पाचपैकी चार. गेला तो एक स्टिकरचा. सबमिशनच्या आठवड्यात जायचंच असेल तर अकराच्या आत पोचा, शटर अर्धं खाली असलं तरी वाकून आत शिरा, दादा आलेला असतो आणि तेव्हा त्याचे वीसच्या वीस शब्द शिल्लक असतात.